घंटागाडीवरची भिरभिरी

सकाळी सात वाजता मी अंगणात दात घासत उभी होते आणि रस्त्यावरून माझाच आवाज आला.

आधी वाटलं भास आहे. आदल्या दिवशीच पुण्याचा गाशा गुंडाळून, दोन बॅगा आणि बँकेच्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक घेऊन मी घरी परतले होते. मन थाऱ्यावर नव्हतं, तेव्हा असले भास व्हायचेच. पण आवाज जवळ यायला लागला. "भिर भिर भिर भिर, डोक्यात माझ्या भिरभिरी..." मागे माझ्या पुण्यातल्या साथीदारानं, चिन्मयनं, कीबोर्डवर बनवलेला ठेका. मी तोंडात ब्रश तसाच धरून फाटकाकडे धावले, तर मागून मला जोरात धक्का बसला.

"उमे, हो बाजूला! धडाम व्हायच्या आत पोचाय पायजे!"

या आमच्या शेजारच्या शेवंताकाकू. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, जिना चढताना प्रत्येक पायरीला देवाचं नाव घेणाऱ्या. त्या दोन हातांत दोन बादल्या घेऊन पळत होत्या. त्यांच्या मागे आणखी सात-आठ बायका, आणि सगळ्यांत मागे टॉवेलवर असलेले पाटील वकील. समोर नगरपालिकेची घंटागाडी उभी होती. तिच्या टपावर कर्णा होता आणि त्या कर्ण्यातून मी गात होते.

गाण्यातला ठेका हळूहळू जलद होत गेला. तशा बायकाही जलद झाल्या. ओला कचरा इकडे, सुका तिकडे, बादल्यांची एकच आदळआपट. मग गाणं एक क्षण गप्प झालं. त्या क्षणात पाटील वकिलांनी शेवटची उडी घेतली, पण ती तीन पावलं कमी पडली. धडाम! सगळी वाद्यं एकदम कोसळली, ड्रायव्हरनं गियर टाकला आणि गाडी पुढच्या गल्लीत गेली. वकीलसाहेब भरलेली बादली घेऊन तिथेच उभे राहिले.

"तुला सांगायचं राहूनच गेलं," माझ्या मागून आई म्हणाली. "तीन महिने झाले. अप्पांनी सांगू नको म्हटलं होतं."

माझे वडील, शिवलिंग लिगाडे, या नगरपालिकेचे स्वच्छता निरीक्षक. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजूनही मला बघितलं की बादली शोधतात.

'भिरभिरी' कसं झालं ते आधी सांगायला हवं. मी दहा वर्षं शास्त्रीय शिकले होते आणि मला पॉप गायिका व्हायचं होतं. या दोन गोष्टी एका घरात सांगणं म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणं. पुण्यात मला चिन्मय भडसावळे भेटला. वय तेवीस, दाढी येऊ घातलेली, आणि स्वतःच्या आईच्या फ्लॅटमधल्या बेडरूमला तो 'स्टुडिओ' म्हणायचा. गाताना मी कपड्यांच्या कपाटात उभी राहायचे. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून माझ्या डोक्यावर त्याच्या आईच्या पैठण्या लटकत असायच्या. चार मिनिटं दहा सेकंदांच्या त्या गाण्यात मला मोजून अकरा शब्द होते.

"तू 'भिरभिरी'वर मींड घेतलीस," चिन्मय कपाटाच्या दारातून म्हणायचा.

"चांगली लागली ना?"

"लागली. पण मशीनला ती चूक वाटली. मी सरळ केली."

"अरे, मी सुरात होते!"

"हो गं. पण मशीनपेक्षा वेगळ्या सुरात होतीस."

मग त्यानं मला 'ड्रॉप' समजावून सांगितला. म्हणजे ठेका वाढवत वाढवत न्यायचा, ऐकणाऱ्याचा जीव वर आणायचा, मग एक क्षण सगळं बंद, आणि मग धाडकन सोडून द्यायचं. "त्या एका क्षणात माणूस काहीही करायला तयार होतो," तो म्हणाला. एवढं एकच वाक्य त्याचं पुढे शंभर टक्के खरं ठरलं. उमा लिगाडे हे नाव डान्सच्या गाण्याला चालणार नाही म्हणून त्यानं मला 'यूमी' केलं.

गाणं तयार झाल्यावर मी घरी जाऊन ते अप्पांना ऐकवलं. अप्पा खुर्चीत ताठ बसले. चार मिनिटं दहा सेकंद त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. संपल्यावर म्हणाले, "ऐकलं."

मी वाट बघत राहिले.

"किती मिनिटांचं आहे?"

मी सांगितलं. त्यांनी ते खिशातल्या डायरीत टिपून घेतलं आणि पेनड्राइव्ह ठेवून घेतला. मला वाटलं, त्यातलं गाणं पुसून ते कार्यालयाच्या कामाला वापरतील. कागदाची एक बाजू कोरी असली तर तीही न टाकणारा माणूस तो. त्या रात्री मला फार वाईट वाटलं होतं. वाईट म्हणाले असते तरी चाललं असतं, नुसतं 'ऐकलं' फार लागलं.

पुढे पुण्यात जे झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते होतंच थोडं. एका मॉलमध्ये गाण्याचं उद्घाटन ठेवलं. नऊ माणसं आली, त्यांतले दोन सुरक्षारक्षक होते. ड्रॉप आला आणि त्याच सेकंदाला मॉलची वीज गेली. अंधारात कुणीतरी टाळ्या वाजवल्या, ती चिन्मयची आई होती. इंटरनेटवर सहा महिन्यांत गाणं सहाशे चाळीस वेळा बघितलं गेलं, आणि त्यातल्या दोनशे वेळा ते आमच्या आईनं बघितलं होतं, कारण तिला पुढचं गाणं कसं लावायचं ते माहीत नव्हतं. शेवटी मी हात टेकले. घरी जायचं, बँकेची परीक्षा द्यायची, आणि यूमीला पैठण्यांच्या कपाटातच राहू द्यायचं असं ठरवलं.

आणि पहिल्याच सकाळी हे.

अप्पा फेरी संपवून अकरा वाजता घरी आले. मी दारातच उभी होते.

"अप्पा, माझं गाणं कचऱ्याच्या गाडीवर?"

"घंटागाडी म्हण."

"मी त्या गाण्यासाठी दीड वर्ष घालवलं!"

"मग ऐकू दे की लोकांना." त्यांनी शांतपणे चप्पल काढली, पाय धुतले आणि डायरी उघडली. "हे बघ. आधी गाडीवर नगरसेवक सर्जेराव येडग्यांचा आवाज होता. 'मी आपला नम्र सेवक सर्जेराव, आपला कचरा...' लोक दारं लावून घ्यायचे. मग मी भूपाळी लावली. लोक बाहेर यायचे, पण पायरीवर डोळे मिटून ऐकत बसायचे आणि कचरा घरातच. मग हे लावलं. गाडी गल्लीत चार मिनिटं थांबते. गाणं चार मिनिटं दहा सेकंदांचं. वरचे दहा सेकंद गियर टाकायला. शिवाय ते मध्ये धापा टाकल्यासारखं वाढत जातं ना, त्यानं लोक पळतात. पहिल्याच आठवड्यात कोपऱ्याकोपऱ्यावरचे उकिरडे बंद झाले."

"म्हणजे तुम्ही ते लांबी मोजून निवडलंत?"

"कामाला आलं की नाही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी एवढंच विचारत होते की गाणं चांगलं आहे का, आणि हा माणूस मला उकिरड्यांची आकडेवारी सांगत होता. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. अबोल्याचं त्यांना काही वाटलं नसावं, कारण ते एरवीही घरात फारसे बोलत नसत.

तिसऱ्या दिवशी शिपाई लिफाफा घेऊन आला. कारणे दाखवा नोटीस. सर्जेराव येडग्यांनी लेखी तक्रार केली होती की स्वच्छता निरीक्षक श्री. लिगाडे हे आपल्या कन्येच्या खाजगी गाण्याची जाहिरात सरकारी वाहनावरून करत असून त्यातून त्यांच्या कुटुंबास लाभ होत आहे. चौकशी बुधवारी. अप्पांची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती.

आईनं डोळ्यांना पदर लावला. "चौतीस वर्षं नोकरी केली. सेवापुस्तकात एक लाल रेघ नाही. आणि आता जाता जाता हे."

अप्पा नोटीस चार वेळा वाचून म्हणाले, "'कन्येच्या' मध्ये काना नीट दिसत नाही." ते सेवापुस्तक म्हणजे त्यांचा जीव की प्राण होतं. लोक मुलांचे फोटो पाकिटात ठेवतात, अप्पा सेवापुस्तकाची छायाप्रत ठेवायचे. माझा राग तिथेच गळून पडला.

मी कार्यालयातल्या बड्या कारकुनाला भेटले. तो अप्पांना मानणारा होता. तो हळूच म्हणाला, "ताई, मुख्याधिकारी मॅडमना हे प्रकरण वाढवायचं नाही. लाभ झाला नाही एवढं सिद्ध करा. म्हणजे गाणं चाललं नाही, त्याला कुणी विचारत नाही, असं. मी निवेदन टाइप करून ठेवतो, लिगाडे साहेबांनी सही केली की फाइल बंद."

"गाणं पडलं हे सिद्ध करायचं?"

"तेवढंच."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे असा पुरावा मागत होतं जो माझ्याकडे मुबलक होता.

बुधवारी साडेअकराला आम्ही मुख्याधिकारी तांबोळी मॅडमच्या खोलीत बसलो. मॅडम चाळिशीच्या, चष्मा कपाळावर ठेवून बोलणाऱ्या. एका बाजूला अप्पा, इस्त्रीच्या शर्टात, गुडघ्यांवर हात. दुसऱ्या बाजूला सर्जेराव, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आणि अत्तरात. मी बरोबर आणलेलं खोकं उघडलं.

"मॅडम, या सीडी," मी म्हणाले. "पाचशे काढल्या होत्या. चारशे एक्क्याऐंशी परत आल्या. उरलेल्या एकोणीस आमच्या नातेवाइकांना वाटल्या, त्यांतले तिघे आता आमच्याशी बोलत नाहीत."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"हे मॉलमधलं चित्रीकरण. ही नऊ माणसं. हे दोघं सुरक्षारक्षक, आणि हा माणूस बूट घ्यायला आलेला होता. आणि ही इंटरनेटवरची संख्या. यातून आमची आई वजा केली तर चारशे चाळीस राहतात."

"मॅडम, ह्ये समदं खोटं हाय," सर्जेराव पुढे सरकले. "गाणं लई चाललंय! अख्ख्या गावाला पाठ हाय."

"गावाला पाठ आहे कारण गाव त्या वेळी कचरा टाकत असतं," मी म्हणाले. "हातात बादली नसेल तर कुणी ऐकणार नाही. अहो, अकरा शब्द आहेत त्यात. त्यातला एकच शब्द सात वेळा येतो."

"शब्दांचं काय घिऊन बसलाय? चाल बघा की! ती मधी वाढत वाढत जाती, मग गप हुती, मग धडाम!" सर्जेरावांनी टेबलावर हात आपटला. मॅडमचा पाण्याचा ग्लास हलला. "माझी नातवंडं सक्काळी उठल्याबरोबर नाचत्यात. माझी मंडळी म्हंजे इतकी सोवळी बाई, ती सुदीक भाकरी थापताना पाय हलवती."

"तुमच्या मंडळींचा तो वातविकार असेल."

"ताई, तुमाला सोताच्या गान्याची किंमत न्हाई!" सर्जेराव खरोखर चिडले.

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. बडा कारकून खिडकीबाहेर बघायला लागला. सर्जेरावांच्या लक्षात आलं असावं की आपण भलतंच काहीतरी बोलतोय, पण मागे फिरायला वाट नव्हती. लाभ झाला हे सिद्ध करायचं तर गाणं उत्तम आहे हे सिद्ध करणं त्यांना भाग होतं. आणि अप्पांना वाचवायचं तर मला माझ्याच गाण्याची सालं काढणं भाग होतं. मला तर आता रंग चढला होता. मी आवाज कसा मशीननं सरळ केला ते सांगितलं, कपाटातल्या पैठण्या सांगितल्या, गाण्याला अर्थ नाही हे सांगितलं. माझ्या बोलण्यावर पहिल्यांदाच कुणीतरी इतकं हसत होतं. फक्त अप्पा हसत नव्हते. ते टेबलाच्या कडेकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, सर्जेरावांचा राग आला असेल.

"पुरे," मॅडम म्हणाल्या. "लाभाचा प्रश्न दिसत नाही. निवेदन तयार आहे ना? लिगाडे, सही करा, विषय संपवू."

कारकुनानं कागद अप्पांपुढे सरकवला. माझा जीव भांड्यात पडला.

अप्पांनी खिशातून पेन काढलं. सवयीनं लाल. दुसऱ्याचा मसुदा ते लाल पेन हातात घेतल्याशिवाय वाचत नसत. त्यांनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि तिसऱ्या ओळीवर थांबले. नंतर त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"'सदर गाणे टाकाऊ स्वरूपाचे असून त्यास बाजारात कोणतेही मूल्य नाही.'" त्यांनी वर बघितलं. "हे कुणी लिहिलं?"

"साहेब, तसं लिहावंच लागतं," कारकून म्हणाला. "नुसती भाषा आहे."

"अप्पा, करा ना सही," मी कुजबुजले. "मला काही वाटत नाही."

"मला वाटतं." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "मॅडम, चौतीस वर्षं मी या गावाचा कचरा बघतोय. दारोदार, रोज. टाकाऊ कशाला म्हणतात हे या इमारतीत माझ्याइतकं कुणाला कळत नाही. हे टाकाऊ नाही."

मॅडमनी चष्मा परत कपाळावर ठेवला.

"लिगाडे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय ना? सही केली नाहीत तर मला नोंद घ्यावी लागेल. दोन महिने राहिलेत तुमचे."

"कळतंय."

"मग गाडीवर गाणं लावायचं कारण काय लिहू? लांबी? कामाची सोय?"

"ते नोटिशीला उत्तर म्हणून मी लिहिणार होतो," अप्पा म्हणाले. "चार मिनिटं, गियर, सगळं. पण ते नंतर सुचलेलं कारण आहे. चार मिनिटांची गाणी पुष्कळ मिळतात." ते माझ्याकडे बघत नव्हते, मॅडमकडेही नाही. "पोरीनं मला गाणं ऐकवलं. त्यात एका ठिकाणी तिचा आवाज वर जातो. फार चांगला जातो. मला तिच्या तोंडावर सांगता येईना. मग वाटलं, इतकं चांगलं गाणं आणि कुणीच ऐकत नाही. माझ्या हातात एक कर्णा होता. लावला."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ज्या जागेबद्दल ते बोलत होते ती जागा मला माहीत होती. तिथे मशीननं हात लावलेला नव्हता, चिन्मयकडून राहून गेली होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, लपवणार तरी कुठे, समोर चारशे एक्क्याऐंशी सीडी होत्या. सर्जेरावांनी आपला अत्तराचा रुमाल मला दिला. "मी म्हंतच हुतो," ते पुटपुटले, "गाणं चांगलंच हाय."

मॅडमनी थोडा वेळ कागदांशी चाळा केला. मग निवेदन फाडलं, सेवापुस्तक पुढ्यात ओढलं आणि कारकुनाला न सांगता स्वतःच्या हातानं लिहायला लागल्या. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं.

"श्री. शि. म. लिगाडे, स्वच्छता निरीक्षक, यांनी आपल्या कन्येचे गाणे चांगले आहे असे समजून, पूर्वपरवानगीशिवाय नगरपालिकेच्या वाहनावर वाजविले. सबब त्यांना ताकीद देण्यात येत आहे." त्यांनी पुस्तक अप्पांकडे वळवलं. "यापेक्षा सौम्य मला लिहिता येणार नाही."

अप्पांनी ते वाचलं. सेवापुस्तकातली पहिली लाल नोंद. मला वाटलं आता त्यांचा धीर सुटेल. त्यांनी बोट शब्दांवर ठेवलं.

"मॅडम, ताकीद मान्य आहे. पण 'असे समजून' काढा."

"का?"

"समजण्याचा प्रश्न नाही. आहेच."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि दोन शब्दांवर रेघ मारली, वर 'म्हणून' लिहिलं, बाजूला आद्याक्षरं घातली आणि त्यावर नगरपालिकेचा गोल शिक्का मारला.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. बँकेचं पुस्तक मी त्याच आठवड्यात कोरं करकरीत परत केलं आणि पुण्याला गेले. त्यानंतर बरीच गाणी गायले, त्यांतली काही चाललीही, आणि त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रांत चार ओळी छापूनही आल्या. पण 'भिरभिरी'बद्दल आजवर कुणी लिहिलेलं एवढंच आहे. ते माझ्या वडिलांच्या सेवापुस्तकात पान क्रमांक बेचाळीसवर आहे, ताकीद या सदराखाली: कन्येचे गाणे चांगले आहे म्हणून वाजविले.